डाव्या पायाला सुट्टी

११ जानेवारी, रविवार

आज वाघबीळचा उतार उतरून सपाटीला आलो आणि ढवळीनं बसकण मारली. इंजिन गुरगुरतंय, मी अ‍ॅक्सिलेटर दाबतेय आणि गाडी जागची हलायला तयार नाही. म्हैस पाण्यात बसली की कितीही हाका मारा, तसं.

पन्हाळ्यावरून मी आणि सूनबाई संघप्रिया परत येत होतो. वर झुणका-भाकरी खाल्ली, खापरातलं दही खाल्लं. संघप्रियानं माझे पंधरा-वीस फोटो काढले, सगळे स्टेअरिंगवर बसलेले. उभी राहिले की मी एका अंगाला कलते, बसले की राणीसारखी दिसते. डावा पाय लहानपणापासून अधू. शिवणयंत्रसुद्धा हातानं फिरवायचं घेतलं आणि त्यावर निम्म्या गल्लीची झंपरं शिवली. सायकलच्या कॅरियरवर, स्कूटरवर, जीपमध्ये, जन्मभर कुणाच्या तरी मागंच बसले. दोन वर्षांपूर्वी ही पांढरी जुनी गाडी घेतली. उंच, दणकट, आटोमॅटिक. हिला क्लच नाही. डाव्या पायानं नुसतं पाहुण्यासारखं बसून राहायचं. वडणग्याच्या माळावर माझी मीच शिकले. दगड ठेवायचे आणि त्यांना न शिवता गाडी काढायची. पहिले दोन दिवस दगडांनी लई सोसलं.

तर ढवळी बसली. इतक्यात उसाची ट्रॉली कारखान्यावर रिकामी करून एक ट्रॅक्टरवाला आला. सयाजी नाव, गडी उंचापुरा.

“मावशी, बंद पडली व्हय?”

“बंद न्हाई हो. चालू हाय, पण हलंना झालीया.”

“मग काळजी कसली? दोर हाय की!”

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं ट्रॉली रानात सोडली आणि दोर बांधलासुद्धा. खिडकीशी येऊन म्हणाला, “इंजिन बंद करा की मावशी, फुकटचं डिझेल कशाला जाळतायसा? न्यूट्रल करा आनि स्टेरिंग धरून गप बसा.”

मग आमची वरात निघाली. पुढं ट्रॅक्टरची गाणी, मागं आम्ही दोघी. केर्लीत पोरं पळत आली, शिवाजी पुलावर लोकांनी हात केले. सयाजीनं ट्रॅक्टर असा हाणला की एरवी मीसुद्धा इतक्या जोरात चालवत नाही. थेट उद्यमनगरात ख्वाजाभाईच्या गॅरेजच्या दारात सोडलं. पैसे विचारले तर कानाला हात लावला. “मावशी, लाजवू नका.”

माणसं अशी असली की बिघाडाचीसुद्धा सहल होते.

१२ जानेवारी, सोमवार

ख्वाजाभाई म्हणजे आमच्या पेठेतल्या सगळ्या गाड्यांचा मामा. वयानं माझ्याच बरोबरीचा, आवाज लाऊडस्पीकरला लाजवेल असा. बॉनेट उघडून, गाडीखाली जाऊन, पुन्हा वर येऊन त्यानं निकाल दिला.

“आक्का, इंजिन घोड्यासारखं हाय. ह्यो आटोमॅटिकचा डबा गेलाय. काढून टाकू. साधा गियरबॉक्स माझ्याकडं पडलाय, दोन दिसात बसवतो. समदं कोल्हापूर त्येच करतंय.”

प्रसेनजीत, माझा मुलगा, बँकेतून तिथंच आला होता. तो म्हणाला, “बरोबर आहे, आई. एवढ्या जुन्या गाडीचा आटोमॅटिक कोण दुरुस्त करणार? साधा घालून टाकू. कुठं जायचं असेल तर मी नेतो की.”

मी म्हटलं, “आणि क्लच?”

दोघंही माझ्या पायाकडं बघून एकदम दुसरीकडं बघायला लागले.

जेवताना मी रागावले नाही. खरंच नाही. प्रसेनला एवढंच म्हणाले, “बसव साधा. गाडी तुझी झाली. मी मागं बसेन, मला सवय आहे.” त्यानं अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठून गॅलरीत गेला. बँकेचा फोन आला असेल. आजकाल त्यांना जेवूही देत नाहीत.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी शेजारणीनं तिळगूळ दिला, तो चघळत होते तोच ख्वाजाभाईचा फोन.

“आक्का, उघडून बघतो.”

“काय?”

“आटोमॅटिक. साधा बसवायच्या आधी उघडून तरी बघतो.”

“परवा तर काढून टाकत होतास.”

“आता मानूस इचार बदलत न्हाय व्हय?”

“कधी उघडलायस का आटोमॅटिक?”

“उघडलाय की!”

“कधी?”

“उद्या.”

हसून हसून माझ्या हातातला तिळगूळ खाली पडला. ह्याचं मन कशानं पालटलं कोण जाणे. बहुतेक जुलेखानं कान धरला असेल. बायको शहाणी मिळाली आहे त्याला.

१७ जानेवारी, शनिवार

रिक्षानं गॅरेजमध्ये गेले. डबा खाली उतरवून टेबलावर ठेवला होता, फणस फोडावा तसा फोडून. बाप रे, काय ती आत दुनिया! चाकात चाक, चकत्यांवर चकत्या, आणि तळाशी एक लोखंडी पाट, त्यात वारुळासारख्या वाटा. ख्वाजाभाई म्हणाला, आपण गियर हातानं पाडतो, इथं तेल पाडतं. तेल ह्या वाटांनी पळतं, पाहिजे त्या चकत्या दाबून धरतं आणि गाडी ओढ धरते. दोन वर्षं मी नुसती दांडी D वर ठेवत होते आणि आत एवढा संसार चालला होता!

त्यानं मला नव्या तेलाची बाटली दाखवली. लालभडक, अगदी तांबड्या रश्श्याचा कट. मग ढवळीतलं दाखवलं. काळं, आणि करपलेल्या फोडणीचा वास.

“झालं काय होतं?”

“तेलाची एक नळी पाझरत हुती. तेल कमी झालं, गाडी हलंना. तिथंच नळी बदलून तेल घातलं असतं तर चहा पिऊन घरी गेला असता.”

“मग?”

ख्वाजाभाईनं रुमालानं हात पुसले. “इंजिन चालू असलं तरच आतला पंप तेल फिरवतो. इंजिन बंद ठेवून वाघबीळपासनं इथवर गाडी ओढली. चाकं फिरली, आतली चाकं फिरली, तेल मात्र जागच्या जागी. बुशी खाल्ल्या, चकत्या जळाल्या. आक्का, बिघाड लहान हुता. मदत मोठी झाली.”

मी स्टुलावर बसून हसू का रडू करत राहिले. फुकटचं डिझेल वाचवलं म्हणे!

१८ जानेवारी, रविवार

आणि आज नेमका सयाजी दारात. काकवीची बाटली घेऊन. “म्हटलं मावशीची गाडी झाली का बघून यावं.” मी त्याला गॅरेजला घेऊन गेले, बघायचीच म्हणाला. ख्वाजाभाईला डोळ्यानं खुणावलं, पण त्याच्या तोंडाला कुलूप लावणं म्हणजे पंचगंगेला दार लावणं.

सयाजी तिथल्या लोकांना सांगतोय, “वाघबीळपासनं ओढली पावणं, एक ओरखडा न्हाय गाडीला!”

ख्वाजाभाईच्या हातातला पाना वर उठला. मी खोकले.

“बाहेरून न्हाय,” ख्वाजाभाई म्हणाला.

“आं?”

“न्हाय, म्हटलं बाहेरून एक ओरखडा न्हाय. भारीच ओढली तुमी.” मग जरा थांबून, “फकस्त एक इनंती हाय. पुढच्या बारीला गाडी ट्रॉलीत चढवून आना.”

“व्हय की! ही आयडिया बेस हाय. दोर पन झिजत न्हाय.”

तो गेल्यावर ख्वाजाभाई माझ्यावर ओरडला. “सांगायचं न्हाई व्हय त्याला?” मी म्हटलं, काय सांगू? उन्हात ट्रॉली सोडून आला, रुपाया घेतला नाही, आता काकवी आणली. त्याला हे कळलं तर पुन्हा रस्त्यात कुणासाठी थांबायच्या आधी तो दहादा विचार करेल. माझा एक डबा गेला तर गेला.

काकवी मात्र सुरेख आहे. भाकरीशी दोन वाट्या खाल्ली.

२३ जानेवारी, शुक्रवार

चकत्यांचा नवा संच आणि सगळी रबरं आज कुरिअरनं आली. ख्वाजाभाईला इंग्रजी वाचता येत नाही, पण मागवली बरोबर. विचारलं तर म्हणाला, “मोबाईल समदं करतो.” मोबाईलवर तो केरळच्या एका मिस्त्रीचे व्हिडिओ बघतो. भाषा मल्याळम. एक शब्द कळत नाही, पण मिस्त्री चुकला की कपाळावर हात मारतो, ते कळतं. आज मी दुपारभर त्याच्याबरोबर बघितले. आम्हीही त्या मिस्त्रीबरोबर कपाळावर हात मारला.

घरी एक काळजी. धुणं काढताना प्रसेनच्या दोन शर्टांच्या बाह्यांवर लाल डाग सापडले. तेलकट. ह्याला पित्ताचा त्रास, डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय, आणि हा रोज संध्याकाळी “बँकेत काम आहे” सांगून कुठंतरी तांबडा रस्सा ओरपतोय. संघप्रियाला दाखवलं. ती तोंडाला पदर, म्हणजे ओढणी, लावून आत गेली. बिचारीला वाईट वाटलं असेल.

२६ जानेवारी, सोमवार

बँकेचं झेंडावंदन सकाळी आठला होतं. प्रसेन संध्याकाळी सातला आला. दमला होता, पण खुशीत. हातांना रॉकेलचा वास. म्हटलं, कसलं झेंडावंदन रे हे? म्हणाला, “नंतर ऑफिसची साफसफाई होती.” देशाची बँक आहे, असेलही.

ताटात मी आज मुद्दाम दुधी वाढला, बिनतिखटाचा. मुकाट्यानं खाल्ला. मग एकदम म्हणाला, “आई, तू उतारावर दांडी D वरच ठेवतेस ना? न्यूट्रल नाही ना करत?” मी म्हटलं, नाही बाबा, D वरच. “शाब्बास,” म्हणाला. मुलगा आईला शाब्बास म्हणतो! मनातून मात्र जरा गोड वाटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज माझ्या हाताला काम मिळालं. डब्याच्या तळाच्या परातीला बसवायचं पॅकिंग मिळेना. ख्वाजाभाईनं पॅकिंगचा जाड कागद आणला आणि वर कोळशानं आकार काढत बसला, तो कागद नि त्याचा हात, दोन्ही वाकडे. मी म्हटलं, सरक. परातीची कड कागदावर उतरवली, भोकं टोचून घेतली, आणि कात्रीनं झंपराचा गळा कापावा तसं एका दमात कापलं. परात ठेवली, भोकाला भोक.

“आक्का, ह्या गाडीला आता अस्तर पन लावा,” ख्वाजाभाई म्हणाला.

“बाही लांब ठेवू का आखूड?”

जुलेखा चहा घेऊन आली होती, तीही हसली. मग सहज बोलून गेली, “तुमी दुपारी तरी वेळेवर चहा घेता. रात्रीच्याला ह्या दोघांना जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसतो.”

“दोघं कोण?”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं छताकडं पाहिलं. “हे… आणि ह्यांचा मोबाईल,” ती म्हणाली.

खरंय. पुरुषाच्या हातात मोबाईल आला की तो सवतीसारखाच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा बसला. नवं लाल तेल घातलं. इंजिन चालू केलं. मी बाजूला काठी घट्ट धरून उभी. ख्वाजाभाईनं D टाकला. ढवळी हलली! पुढं गेली, लाजत लाजत, पण गेली. मी टाळ्या वाजवल्या, काठी पडली. मग त्यानं R टाकला. इंजिन ओरडलं. ढवळी ढिम्म. पुन्हा टाकला. ढिम्म.

“पुढं तर जाती की,” कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला. “मागं जायाचंय कशाला मानसाला?”

कुणी हसलं नाही. ख्वाजाभाई दमलेला दिसला. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “परत उतरवायला लागंल, आक्का.”

रिक्षात बसताना डावा पाय रोजच्यासारखा हातानं उचलून आत ठेवला, आणि मनात आलं, पुरे झालं. किती लोकांना कामाला लावणार एका म्हातारीच्या हौसेपायी? चौसष्ट वर्षं मागं बसले, पुढची दहा बसेन. लोक काय पायी फिरतात ते सुखी नसतात का? चावी प्रसेनच्या हातात द्यावी आणि साधा गियर बसवून टाका म्हणावं.

रात्री चावी त्याच्यापुढं ठेवली. तो म्हणाला, “आठवडाभर थांब.” मी म्हटलं, कशाला? साधाच बसवायचा तर थांबायचं कशाला? तर म्हणाला, “साधा गियरबॉक्स ख्वाजाचाचांनी विकला.”

आता हे ह्याला कुणी सांगितलं? आणि ख्वाजाभाईनं मला विचारलंसुद्धा नाही! चांगलंच खडसावणार आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

खडसावलं. म्हणाला, “विकला न्हाय, द्यायला लावला.” कुणी लावला म्हणून विचारलं तर इंजिन चालू केलं, त्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

पण एक कबूल केलं पाहिजे. परत येताना पाय हलका वाटला. साधा डबा आता कोल्हापुरात कुठंतरी दुसऱ्याच्या गाडीत आहे. परत फिरायला वाटच नाही राहिली, मग काय, पुढंच जायचं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मागं गेली! गेली! गेली!

एका रबराची कड आत दुमडली होती म्हणे, त्यामुळं तेल दाबाच्या वेळी निसटत होतं. बोटाच्या नखाएवढी कड. काल रात्री डबा पुन्हा उतरवून सापडली. मी ख्वाजाभाईला म्हटलं, तुझे हात मोडके असले तरी डोळे सोन्याचे. तर हा इतका मोठा माणूस लाजला. “माझं डोळं कुठलं, मला तर चष्म्याबिगर…” असं काहीतरी पुटपुटला आणि जुलेखाला चहा सांगायला गेला. मोठेपणा घेत नाही कधी. असा मिस्त्री दुर्मिळ.

सयाजीला फोन करून सांगितलं. तो एवढ्या मोठ्यानं “व्हय काय!” ओरडला की त्याच्या मागून कुत्रं भुंकायला लागलं. म्हणाला, “मावशी, आपन त्या दिवशी येळंवर ओढून आनली म्हनून वाचली बघा.” मी म्हटलं, “खरं हाय, बाबा.”

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गॅरेजवर सगळे जमले होते. जुलेखानं शीरखुर्मा केला होता, ईद नसताना. ख्वाजाभाईनं गाडी धुऊन ठेवली होती. संघप्रिया मागं बसते म्हणाली, मग म्हणाली नको, मी जुलेखाचाचींजवळ थांबते, तुम्ही दोघं जाऊन या. प्रसेन माझ्या शेजारी बसला.

मी बसले. पाठ टेकली. डावा पाय बाजूला ठेवून दिला. D टाकला, ब्रेक सोडला, आणि ढवळी मी काही करायच्या आत, आपण होऊन पुढं सरकली. आठवडे झाले होते ह्या सरकण्याला.

आधी टेंबलाईची चढण. ख्वाजाभाईचा हुकूम होता, चढावर खरी परीक्षा. प्रसेन एरवी माझ्या शेजारी बसला की “आई ब्रेक, आई रिक्षा, आई म्हैस” असा पाढा म्हणतो. आज गप्प. एक हात दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ठेवून बसला होता, डॉक्टर नाडी बघतात तसा. मला गियर पडलेला कळतसुद्धा नाही, पण त्याचे ओठ हलत होते. “दुसरा… तिसरा…”

“तुला काय कळतंय रे त्यातलं?”

“काही नाही,” म्हणाला. “तू चालव.”

चढण अशी गेली जशी लोण्यातून सुरी. वर गाडी लावून खाली शहर बघितलं. थंडी सरत आलीय, गुऱ्हाळांचा धूर लांबवर दिसत होता. प्रसेन खाली उतरून गाडीखाली वाकून बघून आला, तेल ठिबकतंय का म्हणून. नव्हतं. तो रस्त्यातच उभा राहून हसला. लहानपणी गणितात पास झाला की असा हसायचा.

परत निघालो. सायबर चौकात सिग्नलला थांबले तेव्हा त्याला विचारायला वळले, की घरी जाताना संघप्रियाला गॅरेजवरून घ्यायचं का. तर तो झोपला होता. तोंड किंचित उघडं, मान माझ्याकडं कललेली. बँकेनं गेले महिनाभर पार पिळून काढलंय पोराला. गाढ, अगदी पाळण्यातल्यासारखा. माझ्या शेजारी, मी चालवत असताना.

मागून हॉर्न वाजला. सिग्नल सुटला होता. मी ढवळीला हळूच सोडलं, त्याला धक्का लागणार नाही असं. कळंब्याच्या रस्त्याला लागले. रविवारचा रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना झाडांची सावली. संघप्रियाला फोन करून उशीर होईल सांगायला हवं होतं, पण आवाजानं तो उठला असता.

कळंबा तलावाला वळसा घालून आले. घराकडं जायचं वळण आलं.

मी वळले नाही.